राळेचा शेवटचा तुकडा

अहो, इकडे बघा, इकडे! व्हायोलिनकडे नका बघू, त्याचं कौतुक करायला सगळं जग बसलंय. त्याच्या पेटीतल्या फडक्यात उरलेली मी चिमूटभर राळ बोलतेय.

पाइनच्या झाडाचा चीक मी. मला उकळलं, गाळलं, साच्यात ओतलं. थंड झाले तेव्हा मधाच्या वडीसारखी दिसत होते, उगाच नाही सांगत. त्या दिसण्यानंच घात केला. एका आईनं मला दुकानातून आणलं आणि तिच्या दुधाच्या दातांच्या लेकीनं मला कचकन चावा घेतला!

"थू थू!"

"अगं बये, ती खायची नाही, गजाला लावायची!"

गज म्हणजे तारांवरून फिरते ती काठी, तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून लावलेले असतात. मला त्यांच्यावर घासलं नाही ना, तर ते तारांवरून नुसते घसरतात, आवाज ढिम्म निघत नाही. आता सांगा, खरी कलाकार कोण?

लेक रोज मला घासायची, पांढरी भुकटी उडायची आणि आई स्वयंपाकघरातून सटासट शिंकायची. "बसलीस का गं वाजवायला?" घड्याळ बघायची गरजच नव्हती आमच्याकडे.

लेकीची बाई झाली, स्पर्धा जिंकली, मोठमोठ्या सभागृहांत एकटीनं वाजवू लागली. मी मात्र झिजत गेले. मग मखमली डबीतून नवी राळ आली. काय तिचा तोरा! पण बाईनं मला टाकलं नाही. दाताच्या खुणेचा कोपरा तेवढा पेटीतल्या फडक्यात जपून ठेवला. मंचावर जाण्याआधी त्या खुणेवरून अंगठा फिरवायची आणि मगच पाऊल उचलायची.

पुढे तिचा खांदा धरला. दोन वर्षं व्हायोलिन पेटीत आणि बाई खिडकीत. बरी झाल्यावर एक कार्यक्रम ठरला, तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "आज जमलं नाही तर पुन्हा मंचावर चढणार नाही मी."

नवरा भला माणूस, पण फार टापटिपीचा. सकाळचा सराव करून ती जरा पडली, तेवढ्यात यानं पेटी आवरायला घेतली. संध्याकाळी सभागृहामागच्या खोलीत तिनं गज तारांवर ठेवला, ओढला आणि काहीच नाही! नुसता सुळ्ळकन घसरला.

"अहो, गजाला काय केलंत?"

"शाम्पूनं धुतला. केवढी पांढरी धूळ बसली होती!"

"आणि माझी नवी राळ?"

"ती... घरी टेबलावर. डबी पुसायला काढली होती."

बाईच्या साथीला फक्त पियानोवाले काका, त्यांच्याकडे राळ कुठून असणार? बाहेर लोक येऊन बसले होते.

मग तिनं फडकं उलगडलं. मला हातात घेतलं, अंगठा खुणेवर ठेवला. डोळे भरले होते तिचे. "आता तूच गं," म्हणाली आणि घासायला लागली. भराभर, वर-खाली. दाताची खूण पार गेली. मला वाईट वाटलं का? वाटलं की! पण गज तारेला टेकला आणि असा सूर निघाला म्हणून सांगू, काकांनी चष्माच काढला.

त्या संध्याकाळी तिनं वाजवलं, नुसतं वाजवलं! खांदा बापडा कुरकुरलासुद्धा नाही. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

मागच्या खोलीत तिची म्हातारी आई काठी टेकत आली. लेकीला घट्ट मिठी मारली आणि... आऽक्छी!

"अगं बाई, अजून तीच राळ?"

"तीच गं आई," म्हणून बाई हसता हसता हुंदके द्यायला लागली. नवरा फडकं घेऊन व्हायोलिन पुसायला धावला, तर दोघी एकदम ओरडल्या, "खबरदार!"

आता घासण्याइतकी मी उरले नाही. फडक्यात थोडी आहे, बाकीची तिच्या बाहीवर, आईच्या खांद्यावर. तुम्हाला कुठे दिसले तर लगेच झटकू नका हो. शिंक आलीच तर खुशाल शिंका. आमच्या घरात तिला दाद म्हणतात.