मॅथ्यूअंकलच्या बाटल्या

"परमेश्वराने माणसाला जी काही स्वातंत्र्यं दिली आहेत, त्यांतलं सगळ्यांत थोर स्वातंत्र्य म्हणजे मे महिन्यातल्या रविवारी, स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात, नुसत्या बनियनवर बसण्याचं! ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. सरकार नाही, चर्च नाही, खुद्द बायकोसुद्धा नाही!"

"पाय उचल," थेरेसाआंटी म्हणाल्या. "मिरच्यांत ठेवलायस."

मॅथ्यूअंकलनी पाय उचलला. स्वातंत्र्याला लगेच थोडी आग व्हायला लागली होती.

खोताच्या वाडीतल्या त्या व्हरांड्यात मे महिन्यात माणसाला जागा अशी नसतेच. अर्ध्या भागात जुन्या चादरीवर मिरच्या पसरलेल्या. उरलेल्या अर्ध्यात फळीवर उपड्या घातलेल्या, धुऊन लखलखीत केलेल्या चाळीसेक बाटल्या. या दोहोंच्या मधे जी काही खाच राहते तिच्यात एक आरामखुर्ची, आणि खुर्चीत मॅथ्यू मिरांडा, कॉटन ग्रीनच्या एका गोदामात आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर लक्ष ठेवून निवृत्त झालेले, आणि आता बायकोच्या मिरच्यांवर कावळ्यांपासून लक्ष ठेवणारे. पगार तेवढा बंद झाला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन घरात वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. मिरच्या कडकडीत वाळवायच्या, बाकीचा माल भाजायचा, बायका बोलावून लाकडी उखळात कांडून घ्यायचा आणि बाटल्यांत काठीने ठासठासून भरायचा. म्हणून त्याला नावच बॉटल मसाला. बाटली गडद तपकिरी लागते, कारण उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो. आणि गडद तपकिरी बाटली वाट्टेल तेवढी मिळते ती एकाच गोष्टीची. बीअरची.

घरात बीअर पिणारा असेल तर प्रश्नच नाही; तो बिचारा वर्षभर मसाल्यासाठीच राबत असतो. पण मॅथ्यूअंकल थेंबाला शिवत नसत. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. स्वतःच्या लग्नात त्यांनी वाइनचा एक ग्लास घेतला होता आणि टोस्टचं भाषण चालू असताना ते केकच्या शेजारी डोकं टेकून झोपले होते. वाडीतले लोक लग्न विसरले, पण झोप विसरले नाहीत. त्या दिवसापासून अंकल लिंबाचं सरबतसुद्धा जपून पीत.

त्यामुळे उन्हाळा लागला की बाटल्या गोळा करायला ते बाहेर पडत. याला घरात "फिरायला जाणं" म्हणत. सगळं कुटुंब चौपाटीला भेळ खायला म्हणून निघे आणि येताना ठाकुरद्वाराच्या एका बारच्या मागच्या दाराशी थांबे. मग पुढे दहा पावलांवर मुलगी एव्हलिन, ओळख नसल्यासारखी. मागे थेरेसाआंटी, आवाज होऊ नये म्हणून सूचना देत. आणि मधे खांद्यावर खण्‌खण्‌ वाजणारी पिशवी घेतलेले अंकल. चर्चचे नवे फादर मंगळूरचे. त्यांना ही भानगड ठाऊक नव्हती. एकदा त्यांनी अंकलच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत मायेने सांगितलं होतं, "मॅथ्यू, माझा दरवाजा तुझ्यासाठी केव्हाही उघडा आहे." अंकलना फार बरं वाटलं होतं. अर्थ लागला तो घरी पोचल्यावर.

तर त्या रविवारी कावळे पलीकडच्या छपरावर गेले, वारा पडला आणि अंकलचा डोळा लागला. नेमका तेव्हाच गल्लीत हेरिटेज वॉक शिरला.

हा वॉक म्हणजे उपनगरांतली माणसं टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन दुसऱ्यांची घरं बाहेरून बघायला येतात तो प्रकार. पुढे अपेक्षा नावाची एक चुणचुणीत मुलगी, गळ्यात छोटा माइक. ती म्हणे, "हा जिना बघा," की पंचवीस माणसं जिना बघत. ती म्हणे, "ही खिडकी बघा," की खिडकीतला माणूस आत पळे. अंकलपाशी येऊन ती काय म्हणाली ते अंकलनी ऐकलं नाही. ते घोरत होते.

सोमवारी समोरच्या घरातला हितेंद्र मोबाइल घेऊन आला. हितेंद्र हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आणि वाईट बातमी पहिल्यांदा आपणच द्यावी असा त्याचा आग्रह.

"मॅथ्या, फेमस झालास रे!"

फोटोत मॅथ्यूअंकल होते. बनियन होता. तोंड उघडं होतं, मान एका खांद्यावर पडलेली होती, आणि भोवती उन्हात चमकणाऱ्या चाळीसेक रिकाम्या बाटल्या. मिरच्या तेवढ्या फोटोत आल्या नव्हत्या. खाली लिहिलं होतं : 'संडे असावा तर असा! खोताची वाडी, जिथे वेळ थांबतो आणि बीअर थांबत नाही.'

"हे काय आहे?" अंकल म्हणाले.

"चार हजार लोकांना आवडलंय."

"हितू, मी पितो का?"

"छे! तुझ्या लग्नात आम्ही बघितलंय ना."

अंकल जे उठले ते मिरच्यांतूनच चालत गेले. "गिरगावात दीडशे वर्षं काढली आमच्या खानदानाने! शाळा काढल्या, बँड वाजवले, गोद्यांमधे हिशेब ठेवले. आणि ह्यांना दिसतं काय? बाटली! सिनेमात बघ. ख्रिश्चन माणूस आला की त्याचं नाव जॉनी, आणि जॉनी आला की तो पडणार. उभा राहिलेला जॉनी कधी बघितलास तू?"

"पण फोटोत तू पडलेलाच आहेस."

"झोपलो होतो!"

"तेच सगळे म्हणतात," हितेंद्र म्हणाला आणि चहा घ्यायला आत गेला.

इथवर प्रकरण नुसत्या अब्रूचं होतं. पण संध्याकाळी एव्हलिन ऑफिसातून आली ती पांढरीफटक होऊन. येत्या रविवारी तिच्या मागणीसाठी दादरहून जेरी आणि त्याची आई यायची होती. जेरी मुलगा चांगला, चिंता आईची. फिलोमिनाबाई म्हणजे दादरच्या चर्चच्या पहिल्या बाकावरची बाई. जेरीच्या मोठ्या भावाला आलेलं एक स्थळ त्यांनी मुलीचा मामा पितो एवढ्यावरून परत पाठवलं होतं. मामा, आणि तोही पार वसईजवळच्या नायगावचा!

"तिने फोटो बघितला?" थेरेसाआंटींनी विचारलं.

"जेरी म्हणतो, झूम करून बघितला. बराच वेळ. बोटाने मोजत होती."

"आणि म्हणाली काय?"

"एवढंच म्हणाली, 'एवढ्या!'"

'एवढ्या' या शब्दात केवढी नामुष्की मावते ते मिरांडा कुटुंबाला प्रथमच कळत होतं.

"ती आपल्यातलीच आहे ना रे पण," थेरेसाआंटी म्हणाल्या.

"आपल्यातलीच म्हणून तर!" अंकल म्हणाले. "परका माणूस निदान संशयाचा फायदा देतो."

अंकलनी त्या अपेक्षाला फोन लावला. आवाज शक्य तितका भरदार काढला. "मी मॅथ्यू मिरांडा बोलतोय. तुम्ही माझ्या अब्रूचे धिंडवडे काढले आहेत."

"अय्या, फोटोवाले अंकल! अंकल, तुम्ही इतके क्यूट आलायत ना! नेक्स्ट संडेला असणार ना तिथेच? लोक विचारतायत."

"तो फोटो काढून टाका."

"काढते ना अंकल, लगेच काढते. पण आता तो सगळीकडे गेलाय. एका ग्रुपवर तर त्याचं गुड मॉर्निंग झालंय."

ते गुड मॉर्निंग बुधवारी फिरत फिरत अंकलच्याच मोबाइलवर आलं. पाठवणारे फादर होते. खाली दोन हात जोडलेले.

आठवडाभर मॅथ्यूअंकल जेवले कमी आणि बोलले जास्त. शेवटी त्यांचा बेत ठरला. वॉक नऊला येतो, फिलोमिनाबाई अकराला. नऊ वाजता भर गल्लीत त्या सगळ्या टोप्यांना उभं करून सत्य सांगायचं, त्यांच्याच मोबाइलमधे भरून घ्यायला लावायचं, आणि अकराच्या आत ते दादरला पोचवायचं.

"त्यापेक्षा बाटल्या आत ठेवूया ना," थेरेसाआंटी म्हणाल्या. "पलंगाखाली जागा आहे."

"लपवायच्या? लपवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं! बाटल्या इथेच राहतील. मीही इथेच राहीन. आणि मी सूट घालीन."

"मे महिन्यात?"

"सूट!"

आणि मग रविवारी सकाळी वाडीने एक अपूर्व दृश्य बघितलं. ज्या व्हरांड्यात बनियनचं स्वातंत्र्य कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, त्याच व्हरांड्यात मॅथ्यू मिरांडा लग्नातला काळा सूट घालून, टाय बांधून, ताठ बसले होते. सूट पोटावर लागत नव्हता म्हणून आतून सेफ्टी पिन होती. कपाळावरून घाम निघे, कॉलरपाशी थांबे आणि आत शिरे.

नऊ वाजले. वॉक आला नाही. दहा वाजले. हितेंद्र समोरून वारंवार विचारत होता, "पंखा पाठवू?" साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी टोप्या दिसल्या.

"आणि हे ते फेमस अंकल..." अपेक्षाने सुरुवात केली आणि सूट बघून थबकली. गर्दीतून एक नाराजीचा सूर आला. "बनियनवाले कुठायत?" कोणीतरी विचारलं.

मॅथ्यूअंकल उभे राहिले. पिन टोचली, आणि त्यामुळे पहिलं वाक्य योजलं होतं त्याहून जोरात निघालं.

"लाज वाटत नाही? माणूस म्हणजे काय जिना आहे, की आलात आणि फोटो काढलात? विचारलंत कोणी, ह्या बाटल्या कशाच्या? झोपलेला माणूस आणि रिकामी बाटली एका फोटोत आली की तुमचं जजमेंट तयार! तुमच्या घरी आजी लोणच्याच्या बरण्यांशेजारी झोपली तर मी लिहितो का, म्हातारी खार पिऊन पडली म्हणून?"

पंचवीस मोबाइल वर झाले. अंकलना हवं तेच झालं होतं, आणि त्यामुळे त्यांना चेव आला.

"ह्या मसाल्याच्या बाटल्या आहेत! ह्यात काय जातं ठाऊक आहे? चार जातींच्या मिरच्या. धणे, जिरं, तीळ, खसखस. दगडफूल! नागकेसर! आणि ह्या सगळ्यावर आमच्या घराण्यात, फक्त आमच्याच घराण्यात, शेवटी मूठभर..."

आत पातेलं पडलं. पडलं म्हणण्यापेक्षा फेकलं गेलं. "मॅथ्यू!" खिडकीतून थेरेसाआंटींचा आवाज आला. "पुढे एक शब्द बोललास तर मला मेलेलं बघशील!"

"शेवटी मूठभर काय अंकल?" एका बाईंनी वही उघडत विचारलं.

"शेवटी मूठभर इज्जत!" अंकलनी वेळ मारून नेली. टाळ्या पडल्या. घामाने डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, तरी त्यांना वाटलं, जिंकलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि टोप्यांच्या मागे एक छत्री दिसली.

छत्रीखाली निळ्या फुलांच्या फ्रॉकमधल्या फिलोमिनाबाई होत्या. शेजारी जेरी, घड्याळाकडे बोट दाखवून आपण लवकर आल्याबद्दल नजरेनेच माफी मागत होता. दारात आलेल्या एव्हलिनने चौकट धरली.

फिलोमिनाबाई गर्दी बाजूला सारत पायऱ्या चढल्या. अंकलकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या थेट फळीपाशी गेल्या. एक बाटली उचलली. उन्हात धरून आरपार पाहिली. मग तोंडाशी नाक नेऊन हुंगली. अपेक्षाने माइक बंद केला.

"फिलोमिनाबाई," मॅथ्यूअंकल म्हणाले, "शपथ घेऊन सांगतो. मी ह्यातला थेंबही..."

"अहो, शपथा कसल्या घेता?" फिलोमिनाबाई म्हणाल्या. "मे महिन्यात बाटल्या उन्हात कशाला घालतात ते मला सांगावं लागेल? चाळीस वर्षं मसाला करतेय मी."

"म्हणजे... तुम्ही फोटो बघून... 'एवढ्या'..."

"मग काय म्हणू? एवढ्या! सगळ्या एका रंगाच्या, एकीला टवका नाही!" त्यांनी दुसरी बाटली उचलून नखाने वाजवून बघितली. "आमच्या घरी मेला कोणी पीत नाही. दादरचे बारवाले बाटल्या परस्पर भंगारवाल्याला देतात. मिरच्या वाळून आठवडा झाला, कांडणाऱ्या बायका मंगळवारी यायच्यात, आणि मसाला भरू कशात?"

मॅथ्यूअंकल खुर्चीत बसले. बसताना पिन सुटली आणि सूट आपोआप मोकळा झाला.

"मॅथ्यूभाऊ," त्यांच्याकडे जरा वाकून, गर्दीला ऐकू जाणार नाही अशा बेताने फिलोमिनाबाई म्हणाल्या, "मागणीचं मागाहून बसून बोलू. आधी ह्यातल्या डझनभर द्याल का? पिशवी मी आणलीय."