बाकीची तीन

चारच्या आत इंदूरच्या दवाखान्याला उत्तर द्यायचं होतं. संमतीपत्रावर आमच्या निरंजनरावांची सही झाली होती, माझीच बाकी होती.

लग्नानंतर नऊ वर्षांनी आमची चार भ्रूणं तयार झाली होती, तिथे गोठवून ठेवलेली. चारही निरोगी आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माणसानं तेवढ्यावर देवाचे आभार मानावेत! पण ह्यांनी कुठल्याशा परदेशी कंपनीकडून प्रत्येकाची उंची नि बुद्धी किती निघेल, त्याचा अंदाज मागवला. मी लोधीपुऱ्यातल्या शाळेत शिकवते. पोरं निदान परीक्षेला बसतात, मग निकाल लागतो. इथे जन्माआधीच एक नंबर कोण, ते ठरलं.

खोटं कशाला बोलू? तो अंदाजाचा कागद मीही चोरून पाहिला होता. मलाही तो एक नंबरच हवासा वाटला, आणि माझीच मला लाज वाटली.

संमतीपत्रात लिहिलं होतं: पहिल्या नंबरचं गर्भाशयात ठेवा, बाकीची तीन नष्ट करा.

"नष्ट कशाले? हे टिकलं नाही तर?"

"अगं, एका केळीजवळ चार पिलं ठेवले तं एकही धड होत नाही. कापाच लागते."

हे फोपनार गावच्या केळीबागेत वाढलेले. बुंध्याशी फुटलेली पिलं कोयत्यानं उडवायची, जोर एकालाच द्यायचा, हे हातात बसलेलं.

"अहो, ते बर्फात हायेत. एकमेकाचं अन्न थोडेच खाऊ राह्यले?"

"मागे राहिले तं मन तिकडेच जाईन ना."

"आणि हा एक नंबर गणितात नापास झाला तर?"

"कंपनीले विचारू ना. रोपं खराब निघाले तं नर्सरीवाला बदलून देतेच."

बोलून गेल्यावर तेच चपापले, पण शब्द सुटला होता.

पावणेचारला मीच फोन लावला. "डॉक्टर, तुम्हाला जे धडधाकट दिसेल ते घ्या. बाकीची राहू द्या. कोणतं घेतलं, ते आम्हाला कधीच सांगू नका."

"दोघांचीही संमती लागेल," त्या म्हणाल्या.

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या अंदाजाच्या कागदाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी हळूच विचारलं, "पण मॅडमजी, कोणतं घेतलं ते तुमच्याकडे लिहून तं राहीन ना?"