हद्द झाली, असे नोंदवण्यात आले

मी फाटक्या तोंडाची आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. पण आमच्या वस्तीत माझ्यावर ताण करणारी माणसं पडलीत, आणि त्यात पहिला नंबर माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक वाक्य सरळ ऐकलेलं नाही. भाजी खारट झाली की, "मीठ स्वस्त झालंय वाटतं." दार उघडं राहिलं की, "राहू दे गं, आपल्याकडे आहे काय न्यायला!" आमचे हे तर दोन बायकांच्या मध्ये बसून मुकाट जेवायला शिकलेत.

तर झालं असं, की नगरपालिकेला वाढायची हौस आली. शहर फुगत चाललेलं, माणसं मावेनात, म्हणून नियोजन विभागानं नकाशावरची रेघ उचलली आणि पुढे नेऊन टाकली. आमची वस्ती आपसूक रेघेच्या आत. याला म्हणे हद्दवाढ म्हणतात. हद्दीत गेलं की नळाचं पाणी, गटारं, बस, आगीचा बंब, सगळं मिळणार होतं. कर तेवढा आधी सुरू होणार होता. आणि एक बारीकसा नियम होता: पालिकेच्या हद्दीत गोठा चालत नाही. झालं! घरामागं माझा गोठा, गोठ्यात माझ्या चार गायी, आणि त्या गायींच्या जिवावर आमचं घर. म्हणजे सगळ्या हद्दवाढीचा घाव बसणार होता तो माझ्याच डोक्यावर.

लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेनं शाळेच्या सभागृहात सुनावणी ठेवली. नियोजन अधिकारी बाई होत्या, स्वभावानं गरीब, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, आमच्या बोलण्याची सवय नसलेल्या. शेजारी एक लेखनिक, मान खाली घालून लिहिणारा. त्याला वरून ताकीद होती: जे बोललं जाईल तेच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. तो बिचारा तसंच लिहीत होता. आता माणसाचा सूर काही कागदावर उतरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी नकाशा दाखवला आणि विचारलं, "बोला, तुमचं काय म्हणणं आहे?"

वेल्डर उठला. आमच्या वस्तीतला हा सगळ्यात शहाणा माणूस, असं त्याचं स्वतःचं मत आहे. म्हणाला, "वा वा! फार उपकार झाले तुमचे! कर आधी आणि पाणी नंतर? काही घाई नाही पाण्याची, आम्ही हवा पिऊन जगतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "बस कशाला, विमानच सोडा की!"

मग माझं डोकं सटकलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "विचारता कशाला? या, फिरवा नांगर माझ्या गोठ्यावरून!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि सभागृह दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, "हद्द झाली बाई, हद्द झाली!"

टाळ्या पडल्या. चांगली जिरवली पालिकेची, असं म्हणत आम्ही छाती काढून घरी आलो.

आठवड्याभरानं सुनावणीचा वृत्तांत पालिकेच्या फलकावर लागला. वेल्डर वाचून आला तो पांढराफटक पडून. मी स्वतः जाऊन वाचलं. लिहिलं होतं: रहिवाशांनी पालिकेचे उपकार मानले. पाण्याची घाई नसल्याचे सांगितले. विमानसेवेची मागणी केली, ती विचाराधीन आहे. गोठ्याच्या मालकिणीने आपल्या जागेवर नांगरणी करण्यास संमती दिली. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: हद्द झाली, असे वस्तीतील ज्येष्ठ महिलेने दोनदा जाहीर केले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. जमीन राहिली होती कुठे म्हणा, ती तर मीच नांगरायला देऊन बसले होते.

धावत जाऊन अधिकारी बाईंना गाठलं. "मॅडम, अहो, ते आम्ही रागानं बोललो! आमच्याकडे राग आला की असंच बोलतात!"

बाई गोंधळल्या. "मग राग नसताना कसं बोलता?"

"तेव्हाही असंच."

बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि अंतिम सुनावणीत पुन्हा बोलायची परवानगी दिली. "पण या वेळी जे असेल ते सरळ सांगा. त्यानंतर मला काही करता येणार नाही."

झालं, मी अंगणात शिकवणी सुरू केली. अख्खी वस्ती गोळा केली आणि म्हटलं, "सरळ बोलायचं. पाणी पाहिजे असेल तर 'पाणी पाहिजे' म्हणायचं." वेल्डर उभा राहिला, घसा खाकरला. "पाणी पाहिजे," म्हणाला, आणि त्याला राहवेना, "म्हणजे तुमच्या मर्जीनं, सवडीनं, आमची नातवंडं म्हातारी होईपर्यंत चालेल!" मी कपाळ बडवून घेतलं. दुसरा उठला, तो तर 'नमस्कार' सुद्धा टोमण्यात म्हणाला.

सासूबाई पायरीवर बसून गंमत बघत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हीसुद्धा बोलून बघा ना एकदा."

"मी? छे गं! इथं एवढी मोठी मास्तरीण असताना माझी काय गरज! तुझ्या जिभेवर तर साखर पेरलीय."

"मग नका बोलू. तिथंही गप्पच बसा," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"बरं झालं बाई, तोंडाला विश्रांती."

मी आत जाऊन भांडी आपटली. आमच्या ह्यांनी गुपचूप बाहेरची वाट धरली.

अंतिम सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. लेखनिकाला बहुतेक वरून बोलणी बसली असावीत, कारण या वेळी तो दर वाक्याला पेन थांबवून विचारत होता, "हे सरळ की टोमणा?"

वेल्डरनं घाम पुसत पुसत सांगितलं, "पाणी आल्यावर कर लावा."

"सरळ की टोमणा?"

"सरळ!" तो ओरडला, आणि एवढा दमला की खाली बसला.

मग माझी पाळी आली. मी म्हणाले, "माझा गोठा काढू नका."

बाई समजुतीनं म्हणाल्या, "पण ताई, शहरात दुसरी कामं मिळतील की. नाहीतरी घरच्यांचा आधार असेलच ना तुम्हाला?"

आधार म्हणे! जिभेवर असं काही आलं होतं, की लेखनिकाचं पेन मोडलं असतं. पण बोलले असते तर गोठा जागच्या जागी गेला असता. मी दात आवळले. आणि गंमत बघा, टोमणा गिळला तर बोलायला मागे काही उरेचना. नुसती उभी राहिले. बाई वाट बघत होत्या, आणि माझ्या गायी माझ्या डोळ्यांदेखत निघाल्या होत्या.

मागे खुर्ची सरकली. सासूबाई उठल्या. मी मनात म्हटलं, संपलं सगळं!

"माझा मुलगा कामावर पडला," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता, शब्द शोधत शोधत येत होता. "पुष्कळ दिवस अंथरुणावर होता. तेव्हा हिनं स्वतःचे दागिने मोडून पहिली गाय आणली. मी तिला खूप बोलले. मग दुसरी आणली. त्याचं औषध, माझं औषध, घरातलं सगळं त्या गोठ्यातून आलं. मी हिला रोज म्हणते की दूध पाणचट आहे. नाहीये पाणचट. चांगलं असतं. माझी सून गुणाची आहे. तिचा गोठा काढू नका."

आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाईंनी नकाशा जवळ ओढला, पेन्सिल घेतली, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरं आत घेऊ. गोठा घराच्या मागेच आहे. रेघ घर आणि गोठा यांच्यामधून नेते. गोठा बाहेर राहील. आणि पाणी येईपर्यंत कर नाही. लिहा."

आरडाओरडा झाला, वेल्डरनं शेजाऱ्याला मिठी मारली. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं, कारण नियमाप्रमाणे लिहिलेलं वाचून दाखवायचं होतं. लेखनिक वाचत गेला. पाणी, कर, रेघ, दागिने, औषध, दूध. आणि मग तो थांबला.

"'माझी सून गुणाची आहे,'" त्यानं वाचलं. पेन वर धरून त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, हे विचारायचं राहिलं. हे सरळ की टोमणा?"

अख्खी वस्ती खो खो हसली. मीही हसले, म्हटलं आता घेतील सासूबाई फिरकी. पण त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सरळ," त्या म्हणाल्या. "सरळच लिहा."

लेखनिकानं लिहिलं. आणि मी, जिच्या तोंडाला सगळी वस्ती भिते ती मी, तिथं सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडले.