सीयांचा न तापवलेला डोळा

आमच्या रत्नपुऱ्यात खड्याला भट्टी लागली की त्याचा मान उतरतो. तापवून रंग चढवलेला पुष्कराज कितीही देखणा असो, खड्यांच्या गल्लीतली माणसं तोंड वाकडं करतात. मातीतून निघाला तसाच राहिलेला, न तापवलेला कच्चा खडा हवा. हे एवढं ध्यानात ठेवलंत, तर माझ्या आजोबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा अख्खी गल्ली का बिथरली ते तुम्हाला कळेल.

आजोबांना आम्ही सीया म्हणतो. गल्लीही सीयाच म्हणते, कारण कच्चा पुष्कराज निवडावा तर त्यांनीच. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर जाते. लाडाची म्हणून नाही हं. पिवळा खडा पांढऱ्यावर ठेवून बघावा लागतो, आणि माझा शाळेचा फ्रॉक पांढरा. शाळेची घंटा होण्याआधीचं ऊन सगळ्यात खरं बोलतं, म्हणून आधी गल्ली, मग शाळा. थोडक्यात, मी थिसुरी, इयत्ता दहावी, बरीच वर्षं तिथे चालताफिरता कागद होते. कागदाला कोणी मत विचारत नाही.

पट्टी सुटल्यावर पहिल्याच सकाळी मुबारक नानांनी माझ्या बाहीवर एक खडा ठेवला. हे नाना म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने दलाल. सीयांनी डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. मग पुन्हा डावा.

"नाना, हा खडा पिवळा आहे का?"

"सीया, तुम्हीच गेल्या महिन्यात याला मध म्हणालात."

"डाव्या डोळ्याने अजून मधच आहे. उजव्याने शहाळ्याचं पाणी."

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, की मोतीबिंदू जुन्या वर्तमानपत्रासारखा वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो, आणि मग माणसाला सगळं जगच पिवळं दिसतं. मला एकदम उलगडा झाला. सीया इतकी वर्षं मला "फ्रॉक नीट धूत जा ग" म्हणून ओरडत होते, ते उगाच नाही.

नानांचा चहा निवायच्या आत गल्लीत दोन पक्ष पडले, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. डाव्या पक्षाचे पुढारी हेमसिरी मुदलाली, म्हणजे शेठ. त्यांचं दुकान मोठं, आवाज त्याहून मोठा.

"हे बघा," ते म्हणाले, "उजव्या डोळ्याला डॉक्टरचा हात लागला. म्हणजे तो तापवलेला डोळा झाला. डावा आईच्या पोटातून आला तसाच आहे. आपण काय घेतो? न तापवलेलं घेतो."

उजवा पक्ष नुसता म्हणत राहिला, "पण दिसतं त्या डोळ्याने." डाव्यांनी गल्लीच्या डाव्या कडेला छत्र्या लावायचं ठरवलं, उजव्यांनी उजव्या. पण डावे घड्याळाच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे होते आणि उजवे पाठ करून, त्यामुळे सगळे एकाच कडेला येऊन बसले आणि दिवसभर एकमेकांच्या छत्रीखाली भांडत राहिले.

यात आमच्या विहाराचं काम येऊन पडलं. स्तूपाच्या कळसाच्या टोकावर बसवायला पुष्कराज हवा होता, आणि भन्तेंची अट एकच: बुद्धाला वाहायचा खडा भट्टीत गेलेला नसावा. नाना तीन कच्चे खडे आणणार, शनिवारी सगळ्यांसमोर सीया निवडणार. आणि सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. डाव्या पक्षाने घरी केळ्यांचा घड पाठवला आणि निरोप दिला, की सोमवार जरा पुढे ढकला.

"चुकलो ना, तर गल्लीतलं माझं स्टूल हेमसिरीला देऊन टाकीन," सीया घड टांगताना म्हणाले. "घरी बसून ही केळी बघत बसेन. केळं पिवळं की पांढरं, यावर तरी कोणी वाद घालणार नाही."

हसत म्हणाले, पण रात्री जेवले नाहीत.

शनिवारी शाळेला सुट्टी, तरी मला फ्रॉक घालावा लागला. नानांनी पुडी सोडून माझ्या मांडीवर तीन खडे ठेवले. पहिला फणसाच्या गऱ्यासारखा पिवळाधमक. दुसरा आत तडकलेला, तो सीयांनी लगेच बाजूला सारला. तिसरा खडीसाखरेसारखा ओबडधोबड आणि फिकट.

"पहिला," हेमसिरी मुदलाली म्हणाले. "यात बघायचं काय आहे?"

सीयांनी डाव्या डोळ्याने पाहिलं. "सोनं."

डावा पक्ष हसला. मग सीयांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

"नाना, याच्या आत रेशीम नाही. कच्च्या खड्यात बारीक धागे असतात, ते वितळून ठिपके झालेत. हा भट्टीत जाऊन आलाय."

"मला तर कच्चा म्हणूनच दिला हो," नाना पुटपुटले आणि घाम पुसायला लागले.

"तापवलेल्या डोळ्याला सगळं तापवलेलंच दिसणार," हेमसिरी मुदलाली म्हणाले.

राहिला तिसरा. सीयांनी तो दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून पाहिला. आत रेशीम अगदी शाबूत होतं. पण डावा डोळा म्हणत होता मध, उजवा म्हणत होता पाणी, आणि पाण्यासारखा खडा कळसावर कोण लावणार? त्यांनी तो माझ्या मांडीवर परत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. असं करताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून कागद बोलला.

"सीया, किती पिवळा ते सोडा. पिवळा कुठे बसलाय ते बघा. तुम्हीच शिकवलंय ना?"

"हिला कोणी विचारलं?" मुदलाली म्हणाले.

"मी विचारतोय," सीया म्हणाले. "बोल."

मी खडा उचलून उन्हात धरला. सगळा फिकट, पण एका टोकाशी अंड्यातल्या बलकासारखा पिवळा थेंब. डाव्या डोळ्याला सगळंच पिवळं, त्याला तो दिसणार कसा? सीयांनी डावा डोळा घट्ट मिटला, खडा घेऊन फिरवला, आणि मान डोलावली.

"हाच. पिवळं टोक खाली ठेवून पैलू पाड," ते कारागिराला, निमल बासला म्हणाले.

"पांढरा खडा, आणि कळसावर," मुदलाली म्हणाले. "सीया, स्टूल आजच नेऊ का?"

"चाक थांबेपर्यंत बसू दे की."

निमल बासचं चाक फिरायला लागलं. जेवायला कोणी घरी गेलं नाही. ऊन उतरायच्या आत त्याने खडा पुसून माझ्या बाहीवर ठेवला, टोक खाली, तोंड वर. तळाचा तो थेंब पैलूपैलूंतून वर चढला होता. खडा काठोकाठ पिवळा. बघायला आलेले भन्ते हसले.

"मी म्हणालोच होतो," मुदलाली म्हणाले. "डाव्या डोळ्याला तो पिवळाच दिसत होता."

सोमवारी इस्पितळात नाना आमच्या आधी हजर. दलालांच्या रीतीप्रमाणे नर्सबाईंच्या हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून ते भाव करायला बघत होते. त्यांना सीयांच्या डोळ्यातला जुना मोतीबिंदू हवा होता, गिऱ्हाइकाच्या भिंगात बसवायला.

"अहो, हात सोडा," नर्सबाई म्हणाल्या. "तो मशीनने फोडून ओढून घेतात. काही उरत नाही."

नाना बाकावर बसले. "फोडला? इतक्या वर्षांचा माल, अख्खा निघाला नसता?"

पट्टी सुटली तेव्हा सीयांनी आधी माझी बाही पाहिली. "फ्रॉक स्वच्छ आहे की ग," म्हणाले. मी म्हटलं, नेहमीच असतो.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या स्टुलावर बसले, तेव्हा मुदलालींनी विचारलं, "आता तर दोन्ही डोळे तापवलेले. ऐकायचं कोणाचं?"

"तुमचं तुम्ही बघा. मी हिचं ऐकतो," सीया म्हणाले, आणि खडा बाहीवर न ठेवता माझ्या तळहातावर ठेवला.

मुदलालींनी माझे दोन्ही डोळे निरखून पाहिले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू चष्मा वगैरे लावत नाहीस ना?"

"नाही."

"कधी डोळ्यांत औषध?"

"नाही मुदलाली. निघाले तसेच आहेत."

शाळेतून आले तर आई दारातच उभी. मुदलाली येऊन माझ्या डोळ्यांची तिच्याकडून खात्री करून घेऊन गेले होते.