राखून ठेवलेली शीर

मी एक शीर बोलतेय. दचकू नका. तुमच्या अंगातही माझ्या ढीगभर बहिणी आहेत. त्या कधी बोलत नाहीत, कारण त्यांचं बरं चाललंय. ज्यांचं बरं चाललंय त्यांना बोलायची गरज काय? माझ्यावर मात्र वेळ आलीय. तेव्हा जरा बसा आणि ऐकून घ्या.

मी राहते एका माणसाच्या उजव्या दंडावर, बाहेरच्या अंगाला, कोपरापासून चार बोटं वर. त्याला सगळे पेंटर म्हणतात. चित्रं काढणारा नव्हे हो, पाट्या रंगवणारा. 'येथे चाव्या बनवून मिळतील', 'दार ओढा', 'गाडी लावू नये'. ब्रश हातात घेतला की पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. मी त्याच्याबरोबरच जन्मले, म्हणजे आता आमचं वय एक्केचाळीस.

आम्हा शिरांचं काम साधं. अंगभर फिरून दमलेलं रक्त गोळा करायचं आणि वर काळजाकडे पाठवून द्यायचं. मान सगळा त्या धमन्यांना. त्या आत खोल राहतात, ऐटीत उड्या मारतात. आम्ही आपल्या कातडीला चिकटून, दारात बसल्यासारख्या. म्हणून सुई आली की आधी आमच्याकडेच येते.

एके दिवशी पाटी लावताना शिडी घसरली आणि पेंटरची कंबर गेली. सहा महिने अंथरुणात. दुखणं काही हटेना. मग एक मित्र गर्दची पावडर घेऊन आला. मित्र कसला म्हणा, पण तोही बिचारा त्याच वाटेवरचा. आधी पेंटर ती ओढायचा, मग सुईवर आला. मी त्याची बाजू घेत नाही आणि त्याला शिव्याही देत नाही. शिव्या देणारे गल्लीत पुष्कळ आहेत. 'जित्याची खोड' म्हणतात आणि दार लावून घेतात. मला एवढंच ठाऊक, की सकाळी उठून उभं राहायला त्याला ते लागायचं, आणि नाही मिळालं की तो पानासारखा कापायचा.

उजवा हात कामाचा, म्हणून सुई उजव्या हातात आणि डावा हात पुढे. डाव्या कोपरातली आमची थोरली, चांगली टपोरी बाई. रोज तिच्यावरच, रोज त्याच जागी. सुई एकच, आठ आठ दिवस. दंडाला रबरी पट्टा आवळायचा आणि तो सोडायचं भान नाही. थोरली आधी सुजली, मग सुतळीसारखी कडक झाली, मग बंदच पडली. मग मधली गेली. मग मनगटावरच्या दोघी, मग पंजावरच्या बारक्या. मी पलीकडच्या हातावरून सगळं ऐकत होते. ओरडून सांगावं तर तोंड कुठंय?

तेवढ्यात सिस्टर आली. बसस्टॉपमागं शिलाईचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथं तिनं सुया बदलून देणारं सेंटर उघडलं. दोन बाकं, एक पंखा आणि वापरलेल्या सुया टाकायचा जाड पांढरा डबा. जुनी टाका, नवी न्या, नाव कुणी विचारणार नाही. पेंटर पहिल्यांदा गेला तो भिंत धरून, चोरासारखा. सिस्टरनं त्याचा डावा हात दिव्याखाली ओढला.

"अगंबाई! हात आहे की चाळणी?"

"चाळणीतून काहीतरी खाली पडतं तरी," पेंटर म्हणाला. "इथं काहीच जात नाही."

सिस्टर हसली आणि मग तिनं त्याला फैलावर घेतलं. "सोड म्हटलं तर आज सोडशील? नाही ना? मग निदान ऐक. दर वेळी नवी सुई. दर वेळी नवी जागा. सुई आत गेली की पट्टा सोडायचा, बांधून ठेवायचा नाही. आधी स्पिरिट, नंतर कोरडा कापूस, उलटं नाही. मानेला नाही, जांघेत नाही, एकटा असशील तेव्हा तर नाहीच. कुठं लाल झालं, गरम लागलं, की त्याच दिवशी माझ्याकडे. आणि ज्या दिवशी हे सोडावंसं वाटेल, त्याही दिवशी माझ्याकडेच. त्याच्या गोळ्या असतात. कळलं का?"

"कळलं."

"कळलं म्हणतात सगळे. दुसरा हात दाखव."

असा माझा नंबर लागला. तिचं बोट माझ्यावर टेकलं, दाबलं, उचललं. मी उसळून वर आले. खरं सांगते, इतकं कौतुक माझं जन्मात कुणी केलं नव्हतं. "ही बघ, कशी छान आहे! हिला हात लावायचा नाही. घरात एक चांगली चादर आपण पाहुण्यांसाठी ठेवतो ना, तशी ही. तू कधी आजारी पडलास, दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली, तर ही एक शीर तरी शाबूत पाहिजे. नाहीतर तिथं तुझे हाल कुत्रा खाणार नाही." आणि टेबलावरचं बॉलपेन घेऊन तिनं माझ्याभोवती एक गोल काढला.

तो गोल पेंटरनं जपला. आंघोळीनं फिका झाला की पुन्हा काढायचा. उजव्या दंडावर काढायचा म्हणजे डाव्या हातानं, आणि तो हातही सुयांनी मोडलेला. सेंटरमधले टोमणे मारायचे, "पेंटर, हा गोल आहे की बटाटा?" तो म्हणायचा, "तू स्वतःच्या दंडावर काढून दाखव, मग बोल!" अशी तीन वर्षं गेली. त्यानं कितीतरी वचनं मोडली. बहिणीला दिलेली मोडली, स्वतःला दिलेली मोडली. मला दिलेलं तेवढं पाळलं.

बहीण म्हणजे ताई. दोन खोल्यांत ही भावंडंच. ताई लाँड्रीत कामाला. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, काय येईल ते. कुठलाही डाग असो, ताईच्या हातून सुटला नाही असं नाही. रक्ताचा गार पाण्यात, तेलाचा पावडर टाकून, शाईचा स्पिरिटनं. भावाच्या बाह्यांवरचे ठिपके ती रोज धुवायची आणि त्यावर एक शब्द बोलायची नाही. तोही बोलायचा नाही. एकाच घरात राहून दोघांनी तो विषय टाळला. म्हणून माझ्या गोलाचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नाही. तिला वाटायचं, पाट्या सुटल्या, आता हा स्वतःच्या अंगावर गिरगटतोय.

मग सेंटर गेलं. गल्लीतल्यांनी अर्ज दिला, की असल्या लोकांची ये-जा इथं नको. सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, दोन बस बदलून. सिस्टरची दुसरीकडे बदली झाली. मोडक्या कंबरेनं पेंटर तीन-चारदा तिकडं गेला, मग राहिलं. पुन्हा तीच सुई, आठ आठ दिवस. बोथट झालेली सुई कशी लागते ते मला विचारू नका, माझ्या बहिणींना विचारा म्हटलं असतं, पण आता विचारायला फारशा उरल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात एका दुपारी दोन तास तो शीर शोधत होता. डावा हात झाला, पाय झाले. घामानं सगळा भिजला, दात वाजायला लागले. शेवटी त्यानं शर्ट काढला, सुई डाव्या हातात घेतली आणि माझ्यावर टेकवली. मी काय करणार? मला पळता येत नाही, मिटता येत नाही. तशीच पडून राहिले.

"नको," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, खोलीत दुसरं कुणी नसताना. "तू नको. तू दवाखान्याची."

आणि डाव्या हातावरच्या एका अर्धमेल्या शिरेत त्यानं सुई घातली. शीर चुकली. सगळं कातडीखाली गेलं. दुसऱ्या दिवशी तिथं गाठ, तिसऱ्या दिवशी गाठ मुठीएवढी, लालभडक. ताई म्हणाली, "छोट्या, चल दवाखान्यात." चाळिशी ओलांडली तरी तो तिला छोट्याच. तो म्हणाला, "बसेल आपोआप. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मागं एकदा दवाखान्यात त्याला सगळ्यांदेखत 'गर्दुल्ला' म्हणून बाहेर बसवलं होतं. ते तो विसरला नव्हता.

चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला. तो बरळायला लागला, डोळे फिरवायला लागला. ताईनं रिक्षा बोलावली, आणि रिक्षा येईपर्यंत त्याला आवरायला घेतलं. तोंड पुसलं, केस विंचरले, लाँड्रीतून आणलेला पांढरा शर्ट घालायला अंगातला उतरवला. मग तिला माझा गोल दिसला.

"शाईनं हात रंगवून घेतलाय," ती रडत रडतच पुटपुटली. "तिथले लोक आधीच नाकं मुरडणार. निदान स्वच्छ तरी दिसू दे रे माझ्या भावाला." त्याच्याच सुयांच्या डब्यातली, सेंटरनं दिलेली स्पिरिटच्या कापसाची पाकिटं तिनं फोडली आणि मला घासायला सुरुवात केली. हलक्या हातानं, बाळाचं अंग पुसावं तसं.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. तेवढंच त्याला जमलं.

"राहू दे काय? गप बस, रिक्षा येतेय." तीन पाकिटं लागली. डाग गेला. मग तिनं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाची बटणं लावली.

अकरा वाजता त्याला आत घेतलं. नर्सनं डावा हात पाहिला, उजवी बाही तशीच ठेवून पंजा पाहिला, मनगट पाहिलं, पाय पाहिले. एक सुई, दुसरी सुई, पाचवी सुई. दुसरी नर्स आली. मग डॉक्टर आले.

"किती वर्षं घेतोय हा?"

"नाही हो," ताई म्हणाली, "त्याला शुगर आहे."

डॉक्टर थकलेले होते. "बाई, खोटं बोलून त्याचंच नुकसान करताय." प्रेशर उतरत चाललं होतं. औषध हातात तयार, पण आत जायला वाट नाही. मानेतून नळी टाकायची म्हटलं, तर ती टाकणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये. थांबा म्हणाले.

आणि मी तिथंच होते! बाहीच्या आत, वीतभर अंतरावर, तीन वर्षं ह्याच दिवसासाठी राखलेली. उसळून वर यावं म्हटलं, पण फुगायला अंगात पाणी लागतं, ते तापानं शोषून घेतलेलं. पेंटर डाव्या हातानं उजवी बाही वर ओढायला बघत होता. बटण निघेना. "हात हलवू नको रे! धरा ह्याला," कुणीतरी म्हणालं, आणि दोघांनी त्याचे हात धरले. तो पुन्हा पुन्हा खांदा उचलत होता आणि ते पुन्हा पुन्हा खाली दाबत होते. त्याला विचारलं कुणीच नाही. एवढ्या सुया टोचल्या, पण 'कुठली चालते?' एवढं काही कुणाच्या तोंडून निघालं नाही.

ताई पायाशी उभी होती. तिनं तो खांदा बघितला. पुन्हा बघितला. "अहो," ती म्हणाली, "तिथं दंडावर त्यानं काहीतरी काढलं होतं. पेननं. गोल. मी पुसलं."

"कसला गोल?"

"मला माहीत नाही. पण रोज काढायचा. चुकवायचा नाही कधी."

नर्सनं कात्रीनं बाही फाडली. स्पिरिटनं पुसून पुसून कातडी तिथं अजून लाल होती. पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, आणि ती एकदम म्हणाली, "आहे!" सुई पहिल्याच वेळी आत आली. तेव्हा दीड वाजला होता.

आज तिसरा दिवस. माझ्यात प्लास्टिकची नळी आहे, वर पट्टी आहे, थेंब थेंब औषध येतंय आणि मी ते एकही न सांडता वर पाठवतेय. पण शिरेचा रस्ता एकेरी असतो. वर काय चाललंय, काळीज काय म्हणतंय, ते उलटून मला कुणी सांगत नाही. पेंटरनं अजून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर सकाळी म्हणाले, "बघू," आणि संध्याकाळीही तेच म्हणाले.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात कधी सुई असेल, आणि समोर चाळणी झालेला हात असेल, तर त्या माणसाला आधी विचारा हो, "बाबा, कुठली चालते?" त्याला ठाऊक असतं. त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि घरात असा कुणी असेल, तर डाग धुता धुता एकदा त्याच्याशी बोला.

आज दुपारी ताईनं नर्सला विचारलं, "मी ते पुसलं नसतं, तर लवकर सापडली असती ना?"

नर्स सलाईनचे थेंब मोजत होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?" एवढंच म्हणाली.

ताई तेव्हापासून माझ्या पट्टीवर हात ठेवून बसलीय. तिचा तळहात मला जाणवतो, साबणानं खरखरीत झालेला. मला तोंड असतं तर मी तिला सांगितलं असतं, की नाही गं बाई, तुझ्यामुळं काही उशीर झाला नाही. खोटं बोलले असते मी. पण सांगितलं असतं.