पडणाऱ्याचा चेहरा

ऐलय्या माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्याला बावा म्हणायचो. या धंद्यात मला त्यानंच आणलं. जनगामकडच्या आमच्या गावात तो सिनेमातला माणूस म्हणून ओळखला जायचा, त्यामुळे हैदराबादला येताना माझ्या डोक्यात काय काय होतं. कृष्णानगरातल्या त्याच्या खोलीत पोचलो तर बावा पालथा पडलेला आणि स्वरूपा अक्का त्याच्या पाठीला गरम मिठाची पुरचुंडी लावत बसलेली. आदल्या दिवशी एका हिरोनं त्याला टोमॅटोच्या गाड्यावर फेकलं होतं.

"आलास? बस," अक्का म्हणाली. "बघून घे तुझ्या बावाचं ऐश्वर्य."

आमचं काम म्हणजे मार खाणं. हिरोची लाथ छातीपासून वीतभर अलीकडे थांबते, पण पडणं खरंच पडावं लागतं. जमीन काही खोटी नसते. आमचे फाइट मास्टर सॅमसन म्हणायचे, "ऐलय्या पडला की हिरो आपोआप मोठा दिसतो." इतकं असूनही बावाचं तोंड कधी पडद्यावर दिसलं नव्हतं. दिसू द्यायचंच नसतं. पहिल्या फाइटमध्ये मेलेला माणूस पुढच्या फाइटमध्ये पुन्हा मरायला येतो, तो लोकांच्या लक्षात राहून कसा चालेल? तोंडाला रुमाल बांधायचा नाही तर कॅमेऱ्याकडे पाठ करायची.

गावाकडे त्याची आई कोमुरव्वा त्याचा प्रत्येक सिनेमा बघायची आणि मग शेजारणीच्या फोनवरून विचारायची, "कुठं होतास रे? मला नाही दिसलास."

"अव्वा, तो जीपची काच फोडून बाहेर पडला ना, तो मी."

"तो होय! मेला बिचारा, असं म्हटलं मी."

बावा हसायचा.

मग 'नल्लवागु' आला. चक्रधर नावाच्या पोराचा तो डायरेक्टर म्हणून पहिलाच सिनेमा. हडकुळा, चष्मेवाला, सेटवर कधी आवाज न चढवणारा. हिरोचे आधीचे सिनेमे ओळीनं पडले होते, त्याला काही करून हाणामारीचा एक हिट हवा होता. गोष्ट करीमनगरकडच्या दगडखाणींची. खाणमालकांच्या गुंडांना एकेक करून संपवणारा पोलीस. त्यात चक्रधरनं एक जागा काढली होती. पोलीस एका गुंडाला क्रेनवरून खाली लाथाडतो, तेव्हा कॅमेरा हिरोवर राहणार नाही. तो पडणाऱ्याबरोबर खाली येईल, त्याच्या चेहऱ्यावरून न हलता. आणि त्यानंतर हिरो स्वतःच हादरतो, आपण काय केलं म्हणून. तिथून गोष्ट वळते.

त्यानं आम्हा सगळ्या फायटरांना ओळीनं उभं केलं आणि रुमाल सोडायला सांगितले. एकेकाचं तोंड बघत तो बावापाशी थांबला.

"तुमचे डोळे मोठे आहेत. पडताना मिटायचे नाहीत. जमेल?"

"सार," बावा म्हणाला, "आजवर सगळे तोंड लपव म्हणत आले. दाखव म्हणणारे तुम्ही पहिलेच."

खाणीकडे निघायच्या दिवशी बावानं न्हाव्याकडे जाऊन गुळगुळीत दाढी करून घेतली. आईला फोन केला, "अव्वा, या वेळी शोधावं लागणार नाही." अक्का तिच्या करी पॉइंटवर, डाळ-भाजी विकायच्या गाळ्यात, डाळीला फोडणी देत होती. ती म्हणाली, "निघाला नवरदेव. हळद लावू का?"

त्या शॉटमध्ये मी खाली होतो. आधीच मेलेला. गालाला लाल रंग फासून, डोळे मिटून खाणीच्या तळाशी पडून राहायचं एवढंच माझं काम. बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग, त्यावर गाद्या. बावाच्या कमरेला दोरी, ती वर कप्पीवरून मागे माणसांच्या हातात. पहिला टेक नीट झाला. चक्रधरनं टाळी वाजवली, "झालं! मिळालं!"

बावा गाद्यांवरून उठला आणि त्याच्याकडे गेला. "सार, शेवटी शेवटी माझी पापणी लवली. अजून एकदा देतो."

"नको ऐलय्यागारू. चांगलं आलंय."

"सार, एकदाच. परत कोण मला विचारणार आहे?"

सॅमसन मास्टरही म्हणाले, द्या त्याला, त्याच्या मनात आहे तर. बावा पुन्हा वर चढला. मी पुन्हा मेलो.

डोळे मिटलेले असले की कान जास्त चालतात. लाथेचा इशारा ऐकला. कप्पी फिरल्याचा आवाज ऐकला, आणि तो नेहमीसारखा नव्हता. मग खोक्यांचा फस्सकन आवाज यायला हवा होता, तो आला नाही. दुसराच आला. मी हललो नाही. 'कट' म्हटल्याशिवाय मेलेल्यानं हलायचं नसतं, हे अंगात भिनलेलं असतं. 'कट' ऐकू आलं, पाठोपाठ टाळ्या. हिरोही वाजवत होता, असं नंतर कुणीतरी म्हणालं. मग मास्टरांची हाक आली, "ऐलय्या!" तो आवाज ऐकून मी डोळे उघडले.

बावा गाद्यांच्या काठावर पडला होता, अर्धा आत, अर्धा दगडावर. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाय कुठंत रे माझे?"

मणका मोडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, मग कमरेखाली काही येणार नाही म्हणून सांगितलं. कंपनीची माणसं फळं घेऊन आली, मग फक्त फोन करू लागली, मग तेही थांबलं. बावा खोलीत खिडकीखालच्या खाटेवर आला. अक्का पहाटे उठून त्याचं सगळं करायची, त्याला कुशीवर वळवायची आणि मग करी पॉइंट उघडायची. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायका बतुकम्माच्या सणाला फुलांभोवती फेर धरायला निघाल्या, तिला हाका मारून गेल्या. ती दारातसुद्धा आली नाही.

बावाचा एकच प्रश्न असायचा, "शॉट कसा आलाय रे?"

एके दिवशी चक्रधर आला. खाटेजवळच्या स्टुलावर टेकला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"ऐलय्यागारू, मी पहिला टेक वापरतो," तो म्हणाला. "नाही तर शॉटच काढतो. एडिटिंगला बसलो की तो समोर येतो आणि मला पुढे काही सुचत नाही."

"पहिल्यात पापणी लवलीय सार."

"असू दे ना!"

"दुसरा ठेवा. माझी कंबर त्या शॉटमध्ये आहे. तो काढलात तर मी पडलो कशाला?"

अक्का भांडी घासत होती. ती हात तसेच ओले घेऊन पुढे आली. "माझा नवरा मोडताना लोकांनी बघायचा? आणि शिट्ट्या मारायच्या? सार, तुम्ही शिकलेले आहात. याला वेड लागलंय, तुम्हाला तर नाही ना?"

"स्वरूपा, तू आत जा," बावा म्हणाला.

"कुठं आत जाऊ? आत आहे का काही या घराला?"

चक्रधरनं लॅपटॉप आणला होता. बावानं हट्टच धरला तेव्हा त्यानं तो उघडला. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली. मी बघितलं. पडदाभर बावाचा चेहरा. मागे आकाश, क्रेनचं टोक, ते लहान लहान होत जातं. डोळे उघडे. काहीतरी बोलल्यासारखे ओठ हलतात. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर मार खाल्ला, त्याचा चेहरा इतका नीट मी कधी बघितला नव्हता.

"एकदाही मिटले नाहीत," बावा म्हणाला. "बघितलंस ना?"

चक्रधरनं लॅपटॉप मिटला. "ठेवतो," एवढंच म्हणाला. जाताना अक्काला नमस्कार केला. तिनं मान वळवली नाही.

सिनेमा शुक्रवारी लागला. दुपारपासून गावाकडचे फोन सुरू झाले. कुणी म्हणे, ऐलय्या, अरे केवढा मोठा दिसतोस! कुणी म्हणे, थिएटर एकदम चिडीचूप झालं, एक बाई रडायला लागली. बावा खाटेवर पडल्या पडल्या प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचा, "आणि मग? मग काय झालं?" कोमुरव्वा मात्र गेली नव्हती. मुलाबरोबरच बघणार, म्हणून अडून बसली होती.

अक्का तयार नव्हती. शनिवार गेला, रविवार गेला. बावा काही मागत नव्हता, फक्त जेवत नव्हता. सोमवारी सकाळी तिनं करी पॉइंटचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मला म्हणाली, "जा, गाडी बघ. एकदाचं उरकू दे."

ट्रॉली गाडीत गादी घालून आम्ही त्याला जनगामला नेलं. म्हातारी थिएटरच्या पायरीवर नवं लुगडं नेसून बसली होती, मांडीवर तळलेल्या सकिनालूंचा डबा. तिला आताशा नीट दिसत नव्हतं. तिनं बावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि पायांकडे हात नेला नाही. आत गर्दी नव्हती. चाकाची खुर्ची आम्ही रांगेच्या कडेला लावली, शेजारी म्हातारी, मग अक्का, आणि मी बावाच्या मागे.

मध्यंतराआधी खाण आली. बावानं हात मागे करून माझं मनगट पकडलं. हिरो क्रेनवर चढला, रुमाल बांधलेली आमची सगळी माणसं एकेक करून पडली, मी पडलो, मेलो. मग वर बावाची पाठमोरी आकृती दिसली.

"आता," बावा म्हणाला.

हिरोनं लाथ मारली. पुढच्या क्षणाला हिरो गॉगल चढवत क्रेनवरून चालत येत होता, मागे धडाधड संगीत. समोरच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली. लगेच गाणं सुरू झालं.

बावाचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. "सम्मय्या, माझं लक्ष नव्हतं का रे?"

म्हातारी पुढे वाकून विचारत होती, "कुठला तो? आला का? कुठला?"

"येऊन गेला अत्तम्मा," अक्का म्हणाली. "आत्ताच. तुम्ही डबा सावरत होतात ना, तेव्हाच."

"अय्यो! कसा दिसला गं?"

"छान दिसले." अक्का पडद्याकडे बघत होती. "डोळे उघडे होते."

मध्यंतरात मी मॅनेजरला गाठलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "काल नवी कॉपी आली. लांबी कमी केलीय. तो पडण्याचा सीन आणि मग हिरो रडतो ते सगळं गेलं. पहिल्या दिवशी तिथं पब्लिक गारच पडायचं. हिरोच्या फाइटला शिट्ट्या नकोत का? तुमचं कोण होतं त्यात?"

मी चक्रधरला फोन लावला. तो म्हणाला, "मलाही थिएटरातच कळलं सम्मय्या. हिरोच्या लोकांनी परस्पर केलं. मी दोन तास ऑफिसच्या बाहेर उभा होतो, आत घेतलं नाही."

"सार, तेवढा तुकडा तरी द्या. त्याला घरी दाखवायला."

"माझ्याकडचं सगळं त्यांनी काढून घेतलंय." मग म्हणाला, "ऐलय्यागारूंना सांगू नका मी काय म्हणालो ते. नाही तर सांगा. काय फरक पडतो."

सिनेमा पुढच्या आठवड्यात उतरला. चक्रधर तेनालीला आपल्या घरी निघून गेला, नंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

म्हातारी आमच्याबरोबर हैदराबादला आली ती राहिलीच. तिची नजर जवळजवळ गेली होती. दुपारी बावाच्या खाटेशी बसून ती अक्काला म्हणायची, "सांग गं, कसा दिसला?" आणि अक्का, जिनं तो शॉट कधी बघितलाच नव्हता, हातानं भाजी निवडता निवडता सांगायची. आकाश कसं होतं, लोक कसे गप्प झाले. दर खेपेला थोडं जास्त. बावा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. झोपलाय की ऐकतोय ते कळायचं नाही.

एकदा मी तिथंच होतो. अक्का सांगत होती, "आणि दोन्ही हात असे पसरलेले, पाखरासारखे..."

"हात पसरले नव्हते," बावा भिंतीकडूनच म्हणाला. "दोरी धरायला बघत होतो मी. हाताला लागली नाही."

अक्काचे हात थांबले.

"काय म्हणतो गं?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही अत्तम्मा. पाणी मागतात."

तिनं पाणी दिलं. त्यानं घेतलं नाही.

त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. उन्हाळा लागला तसे पडून पडून पाठीवर झालेले व्रण चिघळले. अक्का दिवसातून कितीदा तरी धुवायची, पावडर लावायची, पण आतून सडत गेलं. ताप हटेना. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. तो गेला तेव्हा मी विशाखापट्टणमला शूटिंगवर होतो. फाइट अर्धी राहिली होती, सोडून येता आलं नाही. पोचलो तेव्हा खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

अक्का करी पॉइंट चालवते. म्हातारी तिच्याजवळच असते आणि अजून विचारते, "कसा दिसला गं?" अक्का आता सांगत नाही.