भोपळ्याच्या पिशव्या

"पट्टा अजून चार बोटं लांब कर गं. पोरांच्या खांद्यावर अडकला पाहिजे. नाहीतर दोन दारं फिरून झाली की कंटाळतात आणि पिशवी आपल्या गळ्यात मारतात," नीलिमा म्हणाली आणि तयार पिशवी उलटीपालटी करून बघू लागली.

"करते," सुचित्रा म्हणाली. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. केली असती तर चेहरा दिसला असता.

पिशवी छान झाली होती, यात वाद नव्हता. काळं जाड सुती कापड, आतून नारिंगी अस्तर, समोर नारिंगी कापडाचा भोपळा कापून लावलेला, त्याला त्रिकोणी डोळे आणि दात विचकून हसणारं तोंड. पट्ट्याला सगळीकडे दुहेरी टीप. प्रत्येक पिशवी झाली की सुचित्रा तिच्यात देवापुढचा नारळ घालून पट्ट्याला धरून हिसके द्यायची. नाशिकला तिची आई असंच करायची. नारळ पेलला तर पिशवी, नाहीतर चिंधी.

या पिशव्यांचं खूळ नीलिमाचंच. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या त्यांच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, समितीवर ती होती आणि यंदा समितीनं फर्मान काढलं होतं, की हॅलोविनला प्लॅस्टिक नको. मुलं भुताखेतांचे वेष करून दारोदार जाणार, 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडणार, खाऊ गोळा करणार, तो कापडी पिशवीत. एकदा शिवली की दरवर्षी वापरायची. फर्मान काढायला काय जातंय? शिवणार कोण? तर नीलिमानं मीटिंगमध्ये परस्पर सांगून टाकलं, "आमची सुचित्रा आहे ना! तिच्या हातात जादू आहे." दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यात या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पैसे दिले असते गं," ती वर म्हणाली होती, "पण तुझा पास नुसता राहण्यापुरता, कामाचा नाही, उगाच भानगड नको. मैत्रीत काय हिशोब!"

सुचित्रा मुकाट्यानं हो म्हणाली, कारण अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिच्या नवऱ्याच्या, प्रबोधच्या कंपनीनं त्याची अख्खी टीम बंद करायचं ठरवलं होतं. नोव्हेंबर संपला की नोकरी संपली, नोकरी संपली की इथं राहायचे पास रद्द, आणि मग जेमतेम महिन्याभरात चंबूगबाळं आवरून पुण्याचं विमान. नीलिमाचा नवरा संजीव रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्याच हाताखाली एक जागा निघाली होती. प्रबोधला साजेशी, जणू मापं घेऊन बेतलेली.

"बोलते मी संजीवशी," नीलिमा म्हणाली होती. "आधी एवढं हॅलोविन पार पडू दे."

म्हणून सुचित्रा शिवत होती. घरात दिवाळी तोंडावर आलेली. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन गळ्यात गळे घालून आले होते, पाडव्याच्याच संध्याकाळी पोरं भुतं होऊन फिरणार होती. एकीकडे गॅसवर बेसन भाजायचं, दुसरीकडे भोपळ्याचे दात कापायचे.

"हे तू कशासाठी करतेयस ते कळतंय मला," प्रबोध एकदा हलकेच म्हणाला.

"कळतंय ना? मग चहा टाक. बोलू नकोस."

जाई, त्यांची आठ वर्षांची लेक, पायाशी पडलेल्या चिंध्यांत बसून बघत होती. "मम्मी, माझ्या बॅगवर नेम कर ना. नाहीतर ऑल सेम सेम लाह. आणि नेक्स्ट इयर आय वॉन्ट टू बी व्हॅम्पायर. बॅग हीच चालेल ना? रीयूजेबल म्हणजे एव्हरी इयर, टीचर सेड."

सुचित्रानं दोरा दातानं तोडला. "हो गं बाई. दरवर्षी हीच." मग तिनं जाईच्या पिशवीवर नाव काढलं आणि राजसच्याही. राजस नीलिमाचा मुलगा. ज्याच्याशी गरजेचं नातं असतं त्याच्या पोराचंही नाव नक्षीदार निघतं.

आता राहिला एकच प्रश्न. पिशव्या रिकाम्या कशा द्यायच्या? सुचित्राच्या माहेरी डबा असो, वाटी असो की पिशवी, दुसऱ्याच्या घरी रिकामी जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. परत येतानाही तेच. शेजारणीची वाटी रिकामी परत करणं म्हणजे भांडण काढणं. आणि इथं तर सणाचे दिवस, लाडू वळून तयार होते. काजूची पूड घातलेले, साजूक तुपातले. तिनं एकेक लाडू बटरपेपरमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी नीलिमा पिशव्या न्यायला आली. राजसच्या पिशवीतला लाडू तिनं तिथंच कागदातून सोडवला आणि तोंडात टाकला. "अगं, काय खमंग झालेत! बरं केलंस हं. रिकामी पिशवी काय द्यायची? आपल्यात नसतंच तसं."

सुचित्रा मनोमन सुखावली. आता ही संजीवशी बोलेल, असं तिला वाटलं. तोंडाला तूप लागलेलं माणूस वाईट कशाला बोलेल?

पिशव्या त्याच संध्याकाळी वाटल्या गेल्या. पाडव्याच्या सकाळी सुचित्रा उठली तर कॉन्डोच्या ग्रुपवर नुसता कल्लोळ चाललेला. बाराव्या मजल्यावरच्या कोह बाईंचा मुलगा ईथन याला काजूबदामाचं वावडं. त्यानं पिशवीतला लाडू खाल्ला, ओठ सुजले, श्वास लागला आणि रात्री त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. पोर वाचलं होतं, पहाटे घरीही आलं होतं. ते वाक्य सुचित्रानं पुन्हा पुन्हा वाचलं.

खाली लोक विचारत होते, खाण्याचा पदार्थ ठेवला कुणी? परवानगी कुणी दिली? आणि नीलिमाचं इंग्रजीतलं उत्तर होतं, की समितीला याची काहीही कल्पना नव्हती. शिवणाऱ्या व्यक्तीनं ते स्वतःच्या मनानं ठेवलं. खबरदारी म्हणून सर्व पिशव्या टाकून द्याव्यात.

शिवणारी व्यक्ती! कालपर्यंत 'आमची सुचित्रा' होती.

तिनं फोन लावला. "नीलिमा, अगं, चूक माझीच आहे, विचारायला हवं होतं मी. पण तुला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणतेस? तू लाडू खाल्लास की गं माझ्यासमोर!"

"हळू बोल. समितीची जबाबदारी असते, सुचित्रा. तू जरा समजून घे," नीलिमाचा आवाज थंडगार होता. "आणि ग्रुपवर उलटसुलट काही लिहू नकोस हं. संजीवला आजच सांगायचंय ना प्रबोधचं? त्याचा फोन येईल संध्याकाळपर्यंत. उगाच डोकं फिरायला नको त्याचं."

सुचित्राच्या हातात फोन होता, ग्रुप उघडा होता, आणि खरं काय ते सगळ्यांना एका ओळीत सांगता आलं असतं. तिनं ती ओळ गिळली. फक्त 'माझी चूक झाली, क्षमा करा' एवढं लिहिलं. लाज वाटली तिला. लाडवाची वाटली त्याहून जास्त त्या गिळण्याची वाटली.

मग ती तशीच बाराव्या मजल्यावर जायला निघाली. लिफ्टशेजारी कचऱ्याचे मोठे डबे होते. एकाचं झाकण नीट लागलं नव्हतं. आत तिच्याच पिशव्या कोंबलेल्या. अजून एकाही पिशवीत एक चॉकलेट पडलं नव्हतं, आणि वरचा भोपळा दात विचकून हसत होता.

कोह बाईंनी दार उघडलं तेव्हा सुचित्रानं नकळत हात जोडले. इंग्रजी पाठ करून आली होती, ऐनवेळी एक शब्द आठवेना. नुसती सॉरी सॉरी म्हणत राहिली.

कोह बाई रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "नेक्स्ट टाइम यू मस्ट आस्क, ओके? व्हेरी डेंजरस. बट बॉय ओके ऑलरेडी. आय ऑल्सो नेव्हर चेक."

मागं सोफ्यावर ईथन कार्टून बघत होता. आणि बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवर काळी पिशवी वाळत होती. सुचित्राची नजर तिथं गेलेली बघून कोह बाई म्हणाल्या, "वॉश थ्री टाइम्स. सो स्ट्राँग, थ्रो अवे व्हेरी वेस्ट लाह."

लिफ्टमध्ये सुचित्राला रडू कोसळलं. परक्या बाईनं शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, चांगुलपणा सोसवेना.

संध्याकाळी जाई चेटकिणीचा मुखवटा लावून बाहेर आली. हातात सुपरमार्केटची प्लॅस्टिकची पिशवी.

"अगं, तुझी पिशवी?"

"नको. स्कूलबसमध्ये राजस म्हणाला, युअर मदर ऑलमोस्ट किल्ड ईथन. सगळे हसले." मुखवट्याआडून आवाज घोगरा येत होता. "ह्या बॅगवर माझं नेम नाही. मास्क पण आहे. नोबडी विल नो आय ॲम युअर डॉटर."

ती पळाली. सुचित्रा दारात तशीच उभी राहिली. हाक मारायची होती, तीही गिळली. त्या दिवशी तिचं गिळण्याचंच नशीब होतं.

तिनं पाडव्याचं ताट केलं आणि प्रबोधला ओवाळलं. त्यानं पाटावरून उठताउठता फोन बघितला. "संजीव फोन करेल म्हणाली ना ती?"

"संध्याकाळपर्यंत म्हणाली होती."

दोघं हॉलमध्ये बसून राहिले. टीपॉयवर प्रबोधचा फोन आणि शेजारी पाकीटबंद चॉकलेटांचा वाडगा. प्रत्येक पाकिटावर काय काय घातलंय ते सुचित्रानं दोनदा वाचून घेतलं होतं. पोरांची आरडाओरड वरच्या मजल्यावर ऐकू आली, मग खालच्या मजल्यावर, मग शेजारच्या दारापुढे. त्यांच्या दारापुढे कुणी थांबलं नाही.

आणि मग दारात काहीतरी वाजलं. "आली बघ पोरं!" म्हणत सुचित्रा वाडगा घेऊन धावली.

बाहेर कुणी नव्हतं. दाराच्या मुठीला काळी पिशवी अडकवलेली होती. पट्टा चार बोटं लांब केलेला, भोपळ्याखाली नक्षीदार अक्षरांत राजसचं नाव.

लिफ्टचं दार नुकतंच बंद होत होतं.

सुचित्रानं वाडगा खाली ठेवला आणि पिशवीत हात घातला. नीलिमा मराठी होती, नाशिकचीच होती. तिलाही आई होती, शेजारणीच्या वाट्या तिनंही परत केल्या होत्या. तिनं तळ चाचपला, अस्तराचे दोन्ही कोपरे चाचपले. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

"कोण होतं गं?" प्रबोधनं आतून विचारलं.

"नीलिमा. पिशवी परत करून गेली."

"काय घालून दिलंय?" त्यानं सवयीनं विचारलं.

सुचित्रा आत आली आणि त्याच्यासमोर पिशवी उलटी करून धरली. अस्तर बाहेर आलं. एक टीप कुठं उसवली नव्हती.

प्रबोधनं टीपॉयवरचा फोन उचलून खिशात टाकला. "स्टोअरमधल्या सुटकेसा उद्या काढतो खाली," तो म्हणाला.

"काढ," सुचित्रा म्हणाली. तिनं पिशवी पुन्हा सुलटी केली, भोपळा समोर येईल अशी धरली आणि देवापुढचा नारळ उचलून तिच्यात ठेवला.